घरटी एक माणूस

आमच्या वाडीत सामाईक काम निघालं की आदल्या संध्याकाळी आरोळी येते. हल्ली तिच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पडलेला असतो, पण आरोळी ऐकल्याशिवाय तो निरोप कोणी खरा धरत नाही. वरच्या घराच्या गडग्यावर उभं राहून कोणीतरी ओरडतो, ‘उद्या सकाळी आठला पाखाडीचं काम हाय, घरटी एक मानूस!’ पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. पावसात दगड सुटतात, ते दिवाळीनंतर पुन्हा बसवायचे. विहिरीचा गाळ, देवळाची साफसफाई, शिमग्याआधी सहाणेभोवतीचं, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्याभोवतीचं गवत काढणं, सगळ्याला हाच हिशेब. घरात अकरा माणसं असोत नाहीतर दोन, घरामागे एक.

लहानपणी मे महिन्यात आम्ही घरात सतरा-अठरा डोकी असायचो. मुंबईहून आलेले काका, आत्या, त्यांची पोरं. आरोळी आली की एकदाही असं झालं नाही की ओटीवरच्या चार बाप्यांनी एकमेकांकडे बघून ‘उद्या कोण जातंय?’ असं विचारलं. सकाळी उठावं तर धाकटे काका फावडं घेऊन गेलेले असत. बाबा पेपर वाचत असत. मला तेव्हा वाटायचं, काकांना ते काम आवडतं. आवडीचा प्रश्न काकांना कोणी विचारला होता की नाही, हे माझ्या डोक्यात यायला पंचेचाळिशी उजाडावी लागली.

आमचं गाव रत्नागिरी तालुक्यात, जयगडच्या खाडीच्या अलीकडे. खाली समुद्राकडे थोडं आगर, म्हणजे नारळ-सुपारी. मध्ये भाताची दळी. मागे चढण, तिच्यावर वरकस जमीन, नाचणी-वरीची. आणि सगळ्यात वर कातळ, जिथे गणपतीच्या दिवसांत फुलांचा गालिचा असतो आणि एप्रिलमध्ये चप्पल चिकटते. सगळं मिळून ९ एकर २० गुंठे. घाटावरच्या मैत्रिणीला हा आकडा सांगितला तर ती म्हणते, बरीच आहे की. तिला डोळ्यांपुढे एकसंध काळं रान दिसत असणार. आमची ९ एकर जमीन बावीस तुकड्यांत आहे आणि त्यातला सगळ्यात मोठा तुकडा दगडाचा आहे.

ही जमीन आमची झाली तीसुद्धा फार जुनी गोष्ट नाही. पणजोबा कूळ होते, जमीन खोताची. अर्धेलीने कसायची, म्हणजे खळ्यावर भात झोडलं की अर्धी रास खोताकडे. आजी सांगायची की परड्यातल्या फणसालासुद्धा मोजणी होती. खोतीविरुद्ध अलिबागेकडे चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून जवळजवळ सात वर्षं संप करून जमिनी ओसाड ठेवल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. आमच्या वाडीपर्यंत यातलं काय आणि किती पोचलं होतं, ते सांगायला आता कोणी उरलेलं नाही. १९४९च्या कायद्याने खोती गेली. मग कुळकायद्यातला १ एप्रिल १९५७, कृषक दिन, ज्या दिवशी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक धरला गेला. पैसे हप्त्याने फेडून झाल्यावर ‘बत्तीस म’ या कलमाचं, मालकीचं प्रमाणपत्र मिळालं. ते पत्र्याच्या ट्रंकेत, आजीच्या लग्नातल्या शेल्याखाली ठेवलेलं आहे. कायद्याच्या त्या कलमामुळे आमच्या जमिनीत आंब्याची कलमं आली, हा आजोबांचा कायमचा विनोद. कोणीही नवीन जावई आला की तो ऐकावा लागायचा.

पणजोबांना तीन मुलगे. थोरला आणि धाकटा मुंबईला गिरणीत. मधले माझे आजोबा, ते राहिले. खरं तर आधी तेच गेले होते. लालबागला गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकली, कातखात्यात लागले आणि सात महिन्यांत खोकून खोकून अर्धे झाले. बोटीने जयगडला उतरले ते परत गेलेच नाहीत. त्यांची जागा धाकट्या भावाने घेतली. म्हणजे आमच्या घरात शेतीवर राहिलेला पहिला माणूस हा कापसाची धूळ न सोसलेला माणूस होता. त्या धुळीने त्यांना हाकललं, मातीने बोलावलं वगैरे काही नव्हतं.

भावांच्या मनीऑर्डरी यायच्या. त्या पैशांतून आजोबांनी चाळीस हापूसची कलमं आणली, भेट कलमं, एकेक रोप कुशीत धरल्यासारखं आणून लावलं आणि पहिले तीन उन्हाळे विहिरीवरून घागरीने पाणी घातलं. या चाळीस कलमांचा मालक कोण, यावरून नंतर तीस वर्षं घरात धुसफूस चालली. थोरल्या आजोबांचं म्हणणं, पैसे माझ्या बोनसचे. माझ्या आजीचं म्हणणं, घागरी माझ्या. (आजोबांनी पाणी घातलं असं सगळे म्हणतात, आजी एकटी ‘माझ्या’ म्हणायची. याकडे मी परत येणार आहे.)

पुढच्या पिढीत बाबा हुशार निघाले. मॅट्रिक झाले, मुंबईत सरकारी नोकरीला लागले. काका सातवीत दोनदा नापास झाले. झालं. यापेक्षा वेगळी निवड-प्रक्रिया आमच्याकडे कुठल्याच पिढीत झालेली नाही. जो पडला, आजारी पडला, ज्याच्या आईला कोणी सांभाळायला नव्हतं, तो राहिला. बाकीच्यांनी नंतर त्याला भूमिपुत्र म्हटलं.

काकांच्या हातात शेत असतानाची वर्षं मला सगळ्यात जास्त आठवतात. रोहिणीत राब भाजून झालेला असायचा, मृगात पेरणी, मग तरवा वीतभर झाला की लावणी. पटणी भात जाऊन रत्नागिरीच्या संशोधन केंद्राचं ‘रत्नागिरी २४’ आलं होतं. दळ्यांत चिखळणी करताना काकांचा आवाज पावसातून वरपर्यंत यायचा, बैलांशी ते आमच्याशी बोलत त्याहून जास्त बोलत. कापणीनंतर जमिनीत जी अंगओल राहते, तिच्यावर कुळीथ आणि पावटे. पाणी घालायचं नाही, खत नाही, पडेल त्या दवावर ते पीक यायचं. वरकसात नाचणी. ही नाचणी आम्ही मुंबईची मुलं खायला नाक मुरडायचो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि डोंबिवलीच्या दुकानात तिचे लाडू चांदीच्या वर्खात बघितले, तेव्हा काकूला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ‘आता खाशील मग?’

काकांनी एकदा बटाटा लावला. ही आमच्या घरातली दंतकथा आहे. आंबा घाट उतरून कोल्हापूरकडचा बटाटा आमच्याकडे येतो, गणपतीत तर पोत्याने लागतो, आणि दरवर्षी काका ते पोतं बघून म्हणायचे, ‘हा काय सोन्याचा हाय? आपल्या मातीत का होऊ नये?’ एका वर्षी भात कापल्यावर त्यांनी घाटावरून बेणं आणलं, चार वाफ्यांत सऱ्या पाडून लावलं, विहिरीचं पाणी दिलं. पाला असा तरारला की वाडी बघायला यायची. काकांची मान महिनाभर ताठ. फेब्रुवारीत खणलं तर खाली सुपारीएवढ्या गोट्या. एका झाडाला तर नुसतीच मुळं. बटाट्याला रात्री थंड लागतात. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, हवा उबदार राहिली की पाला वाढवत बसतो आणि कंदाकडे दुर्लक्ष करतो. आमच्याकडे समुद्र रात्रीची थंडी फार उतरू देत नाही. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा काकांनी त्या गोट्या टोपलीत भरून काकूपुढे ठेवल्या आणि म्हणाले, ‘सालं काढायची गरज नाय.’ काकूने त्या खरंच सालासकट परतल्या. वर म्हणाली, ‘माझ्या कणग्या काय वाईट होत्या?’

माझ्या कणग्या, असं म्हणाली ती. घराच्या मागे, न्हाणीघराचं पाणी जातं तिथून गडग्यापर्यंत, जेमतेम दीड गुंठ्याची पट्टी होती. तिला कोणी शेत म्हणत नसे. तिथे काकूची कणगी, करांदे, कोनफळ, सुरण आणि अळू. मे महिन्यात आळी करून कंद पुरायचे, पावसात वेल चढायला वाळक्या फांद्या रोवायच्या, आणि बाकी वर्षभर विसरून जायचं. करांद्याची गंमत अशी की तो जमिनीखाली नाही, वेलावर लटकतो, खडबडीत, कोणी माती फेकून मारावी तसा. दिवाळीच्या आसपास काढायचे, मिठाच्या पाण्यात उकडायचे, किंचित कडू लागतात. मला अजून ते सकाळी चहाबरोबर हवे असतात आणि माझ्या मुलीला त्यांचा वासही नको असतो. सुरणाला आमसूल घालून शिजवलं नाही तर घसा खाजतो. कोनफळ कापलं की आत जांभळं, हात बघून पाहुणे घाबरतात.

आणि ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज बोलीतून आपल्याकडे आला, तो मुळात रताळ्याचा. म्हणजे नावापुरता का होईना, बटाटा आमच्या उष्ण किनाऱ्याला उतरला होता, नंतर थंड हवेच्या कंदाने तो पळवला. हे काकांना सांगायचं राहून गेलं.

कमाईचा विषय निघाला की घरात फक्त आंबा मोजला जातो. पेट्या किती गेल्या, वाशीहून दलालाची पट्टी काय आली, तोलाई-हमाली-वाहतूक वजा जाऊन हातात काय पडलं. पण कुटुंब वर्षभर जेवलं कशावर, याचा हिशेब मांडला तर भात, नाचणी, कुळथाची पिठी, सुकवलेले आमसूल, माती लावून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या आणि त्या दीड गुंठ्यातले कंद. यातलं निम्म्याहून जास्त काम बायकांचं. लावणीला वाकून चिखलात रोपं खोचायची बायकांनी. नाचणीची बेणणी बायकांची. ओले काजूगर सोलायचे तेही त्यांनीच, टरफलातल्या तेलाने बोटांची सालं जातात, म्हणून राख लावून बसायचं. रातांब्याचं, म्हणजे ज्याची आमसुलं होतात त्या कोकमाच्या फळाचं, तर वेळापत्रकच जीवघेणं. फळ पिकतं एप्रिल-मेमध्ये, साल सोलून, मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, अशी चार-पाच पुटं. आणि ढग दाटले की सगळं अंगण उचलून माळ्यावर. मे महिन्यातल्या दुपारी काकू आकाशाकडे ज्या नजरेने बघायची, ती मी हवामान खात्यातल्या कोणाच्या चेहऱ्यावर बघितलेली नाही.

आजीच्या घागरींची गोष्ट इथे येते. मनीऑर्डर ज्याची त्याचं नाव पावतीवर असतं, कलम ज्याने लावलं त्याचं नाव लोकांच्या तोंडी असतं. घागरीला पावती नसते.

आता कलमांकडे. १९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली, लागवडीला शंभर टक्के अनुदान. कोकणातला कातळ हिरवा झाला तो मोठ्या प्रमाणात त्यानंतर. काकांनी वरच्या सड्यावर, म्हणजे त्या कातळावर, सुरुंग लावून खड्डे मारले, खालून डोक्यावरून माती वाहून भरली, आणि दहा-दहा मीटरवर दीडशे कलमं उभी केली. कोकणी माणूस आळशी, असं म्हणणारा कोणी भेटला की मी त्याला मनातल्या मनात त्या सड्यावर एक घमेलं घेऊन चढवते.

हापूस मोठा लहरी. एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी हवी, जमीन सुकायला हवी, तर मोहोर. पाऊस लांबला तर पालवी, आणि पालवी आली की आंबा दोन महिने पुढे ढकलला गेला. मोहोर आला तर तुडतुडे, भुरी, फुलकिडे. कैरी धरली तर वानर. आंबा झेल्याने देठासकट उतरवायचा, तोही चौदा आणे तयार असताना. सोळा आणे झाडावर पिकू द्यावा तर आत साका धरतो, वरून सोनं आणि कापल्यावर पांढरा स्पंज. पारख डोळ्यांची आहे. काकांना होती, त्यांच्या मुलाला, दादाला आहे. मला तीस वर्षं प्रयत्न करून नाही.

यावर उपाय म्हणून कल्टार आलं. ते झाडाची नवी वाढ रोखतं, त्यामुळे पालवीऐवजी मोहोर येतो, दरवर्षी येतो आणि लवकर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती खड्डे करून मातीत द्यायचं. बेतात दिलं आणि झाडाला तितकं खत-पाणी केलं तर ते वाईट नाही, दापोलीच्या कृषी विद्यापीठानेच त्याचं प्रमाण ठरवून दिलंय. काका मात्र त्याला झाडाला दारू पाजणं म्हणायचे आणि शेवटपर्यंत त्यांनी ते दिलं नाही. मग ते आजारी पडले. दादा तेव्हा बाहेर नोकरीला होता. मुंबईत आमची बैठक झाली आणि ठरलं की कलमं तीन वर्षांच्या कराराने द्यावीत. बाबांनी ठरवलं, मीही मान हलवली. करारवाल्याने तिन्ही वर्षं ओंजळीने कल्टार ओतलं. पहिल्या वर्षी झाडं अशी लगडली की आम्हाला वाटलं, काका उगाच अडून बसले होते. चौथ्या वर्षी झाडं आम्हाला परत मिळाली तेव्हा फांद्यांच्या टोकांना आखूड, मुडपलेली पानं होती आणि आजोबांच्या चाळीसातली नऊ वाळत चालली होती. करारवाल्याला दोष देणं सोपं आहे. त्याला तीन वर्षं दिसत होती, झाड त्याचं नव्हतं. आम्हालाही तीनच वर्षं दिसली, आणि झाडं आमची होती.

दादा नोकरी सोडून आला तो त्या वर्षी. ‘बाबांचं बघायला कोणी नाय’ एवढंच म्हणाला. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. वहिनी चिपळूणची, बी.कॉम. झालेली, पतपेढीत होती. तिनेही सोडली. तिने ती सोडावी की नाही, यावर बैठक झाली नाही.

दादाने कल्टार बंद नाही केलं, कमी केलं, झाडागणिक. शेणखत घातलं, मोठ्या फांद्यांची विरळणी केली, सात वर्षं घालवली आणि वाळणाऱ्या नऊतली पाच वाचवली. राखणीला नेपाळचे दोन गडी ठेवतो. आमच्याकडच्या बहुतेक बागांत आता रात्री नेपाळी गाणी ऐकू येतात. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पेढे घेऊन गेले होते. दादाने पेढा खाल्ला आणि विचारलं, ‘हे वानराला कोण सांगणार?’ वरकसातली नाचणी त्याने बंद केली, ती वानर आणि डुकरांनी बंद करायला लावली. खालच्या दळ्यांतलं भात मात्र ठेवलंय, परवडत नसताना. मजुरी मोजली तर दुकानातला तांदूळ स्वस्त पडतो. का करतोस मग, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, बांध फुटला की खालच्या तिघांची दळी जातात.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासत वर गेलं. टाळेबंदी होती, आम्ही सगळे मुंबईत अडकलेलो. दोन दिवस फोन नाही, वीज नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीने व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता मोबाइल फिरवत सड्यावरून चालली. झाडाखाली हिरव्या आंब्यांचा थर. शेवटची तोडणी बाकी होती. आगरातल्या सहा पोफळी आडव्या. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अर्ध्या तासात एकोणीस जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. संध्याकाळी वहिनीचा एकटीचा मेसेज आला, ‘पडलेल्यांची आमचूर करते आहे. कोणाला हवी असल्यास सांगा.’ तेवीस किलोची मागणी आली.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण सातबारा. तीन वर्षांपूर्वी सड्याच्या जमिनीला गिऱ्हाईक आलं. समुद्र दिसतो, बंगल्यांचे प्लॉट पाडायचे. थोरल्या आजोबांच्या शाखेतल्यांना विकायची घाई आहे, आणि ती मला समजते. त्यांच्यातल्या दोघांच्या वडिलांची गिरणी १९८२च्या संपात गेली ती गेलीच, त्यांना इथून वर्षाला एक पेटी आंबा याखेरीज काही मिळालं नाही. सातबाऱ्यावर एकतीस नावं आहेत. सात जण हयात नाहीत, एका आत्याचा ठावठिकाणा बडोद्यापर्यंत लागतो. सगळ्यांच्या सह्या लागतात. वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हिस्सा बरोबरीचा झाला, म्हणून माझी सही महत्त्वाची. त्याआधीच्या पिढीत आत्यांना हक्कसोडपत्रावर सही करा म्हणताना साडी नेसवायची पद्धत होती. मला फोन आला.

मी कागद घेऊन बसले. जमीन ३८० गुंठे. तीन भावांत तीन भाग. माझ्या आजोबांच्या तिसऱ्या भागात बाबा, काका आणि दोन आत्या, म्हणजे प्रत्येकी बारावा हिस्सा. बाबांच्या बाराव्यात आई, भाऊ आणि मी. माझा छत्तिसावा. साडेदहा गुंठे. दहा मीटरवर लावलेलं एक कलम साधारण गुंठाभर जागा घेतं, म्हणजे माझी दहा कलमं आणि एक फांदी. मला गंमत वाटली. मग काकांच्या बाराव्याचं गणित मांडलं. तिथे काकू, दादा आणि त्याची बहीण. दादाचाही छत्तिसावा. साडेदहा गुंठे.

चार महिन्यांतून एकदा पिशवी भरून न्यायला येणारी मी आणि तीनशे ऐंशी गुंठ्यांवर रोज फिरणारा दादा, कागदावर आमच्यात एका फांदीचाही फरक नाही. वहिनीचं नाव मी वरपासून खालपर्यंत दोनदा शोधलं. ते असण्याचं कारणच नव्हतं, हे मला माहीत होतं, तरी शोधलं. काकूचं नाव लागलं तेही काका गेल्यावर, वारस म्हणून. पन्नास वर्षं चिखलात घालवल्याबद्दल सातबाऱ्यावर रकाना नाही.

मी सही केलेली नाही. याचा अर्थ मी जमीन वाचवली असा कोणी घेऊ नये. मी फक्त फोन घेत नाही. दादाला विचारलं तर तो म्हणतो, तुम्ही सगळे ठरवाल तसं. त्याचा मुलगा, माझा भाचा, रत्नागिरीला आयटीआय करतो आणि त्याला पुण्याला जायचंय. दादा त्याला अडवत नाही. ‘जाऊ दे,’ म्हणतो, ‘आपल्याकडे कोणी ठरवून राहिलंय का?’

गेल्या नोव्हेंबरात मी गेले तेव्हा दादाचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. ओटीवर पडून तो खालच्या दळ्यात कुळीथ पेरणाऱ्या वहिनीला हाका मारून सूचना देत होता आणि ती ऐकू येत नसल्याचं सोंग करत होती. संध्याकाळी आरोळी आली. पाखाडी, सकाळी आठ, घरटी एक माणूस. भाचा रत्नागिरीला. काकू ऐंशीची. दादा म्हणाला, सांगतो त्यांना, या वेळी नाय जमणार, दंड भरू.

सकाळी उठले तर वहिनी परकराचा ओचा खोचून, डोक्याला टॉवेल बांधून, फावडं घेऊन निघाली होती. मीही मागून गेले. वाडीतली बावीस-तेवीस माणसं जमली होती, चार घरांतून बायकाच आलेल्या, कारण त्यांचे नवरे बोटीवर. कोणी काही बोललं नाही. वहिनीने दगड बसवले. मी दगड उचलून दिले, त्यातले दोन माझ्याच पायावर पडले. अकराच्या सुमाराला चहा आला, आणि वाडीचे कारभारी वही घेऊन हजेरी लावायला बसले. आमच्या घराची पाळी आली तशी त्यांनी दादाचं नाव लिहून समोर बरोबरची खूण केली.

मी म्हटलं, आम्ही दोघी आलोय.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘तुमची नाय धरत, तुम्ही मुंबईच्या.’

‘आणि वहिनी?’

‘लावली की,’ म्हणाले आणि वहीवर बोट ठेवून दादाचं नाव दाखवलं.

वहिनीने कप विसळून ठेवला. ऊन वर यायच्या आत उरलेला कुळीथ पेरून घ्यायचा होता, म्हणून ती पाखाडीच्या नव्या पायऱ्यांवरूनच खाली उतरली. तिसरी पायरी जरा हलत होती. ती थांबली, टाचेने दोनदा ठोकून बघितली, बाजूचा एक चपटा दगड फटीत सरकवला आणि पुढे गेली.